दांडीवरचं नाव

भोर तालुक्यात गुप्तदान फारसं चालत नाही. शाळेला पंखा दिला तर पात्यावर नाव, स्मशानात बाकडं दिलं तर पाठीवर नाव. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून पाहुणे येतील तेव्हा तो बंद ठेवा, असं एका दात्यानं मुख्याध्यापकांना सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. तेव्हा इंद्रजितभाऊंनी वनिताच्या सायकलीवर नाव मागितलं याचं मला नवल वाटलं नाही. नवल पुढं घडलं.

मी एसटीत चौतीस वर्षं तिकिटं फाडली. माणूस कुठं उतरणार हे तो चढतानाच ओळखायची खोड लागली, ती पेन्शनीतही सुटलेली नाही. दहा वाजले की मी स्टँडमागं सर्जेराव पेंटरच्या दुकानात जाऊन बसतो. टेम्पो, नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या ही त्याची कामं. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या, पण एका गिऱ्हाइकानं त्याचा हात सोडला नाही. ते म्हणजे आमचे पुढारी इंद्रजितभाऊ. भिंती, कमानी, पाण्याचे टँकर, जिथं जिथं भाऊंचं नाव आहे तिथं ते सर्जेरावच्या ब्रशनं लिहिलेलं आहे.

वनिता त्याची सख्खी भाची. हिर्डोशीला दिलेली, पोस्टात कामाला. दहावीच्या मार्कांवर यादी लागली, तीत तिचं नाव वर होतं. त्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या एका पोराला वशिल्यानं बँकेत चिकटवलं. लोक म्हणाले, त्याला नोकरी लागली. वनिताला मात्र नोकरी मिळाली. आमच्याकडं काही घरांना गोष्टी लागतात, काहींना मिळतात. बौद्धवाड्यातल्या पोरीनं काही कमावलं की 'मिळालं' हाच शब्द तोंडात येतो. मीही तो वापरला असेन. नाही म्हणून शपथ घेणार नाही.

वाड्यांवर डाक न्यायला तिनं पुण्याच्या एका डोंगरवेड्या माणसाची जुनी गिअरची सायकल घेतली. जाड टायर, पुढं शॉकअप, चढाला बरी. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "कुठनं मिळाली गं?"

"घेतली," ती म्हणायची. रोज म्हणायची. न थकता.

श्रावणात एका मोरीवर शेवाळावरून चाक सटकलं आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. आत रॉड घातला. डाकेची पिशवी मात्र तिनं पोटाशी धरली होती, एक पाकीट भिजलं नाही. ही बातमी फोटोसकट छापून आली, आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला.

सायकलीचा रंग खरवडून गेला होता. दिवाळी झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, प्रशिकनं, ती टेम्पोत घालून मामाकडं पाठवली. सर्जेरावनं पॉलिश पेपर मारून तिचं जुनं कातडं उतरवलं, प्रायमर दिला आणि फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू येईल असा.

"पोरी, रंग कंचा मारू? निळा मारला तर म्हणतील, ह्यांचा निळाच असायचा. भगवा मारला तर म्हणतील, बगा, वळली. हिरव्याचं तर नावच नको."

"मामा, निळा आपल्या घरात हाय. त्यो मिरवायला सायकल कशाला पायजे? ही कामाची हाय. पोस्टाच्या पेटीचा लाल मारा."

सर्जेरावनं तीन डबे एकत्र करून तो लाल जमवला. स्टँडवरच्या पेटीशेजारी नमुन्याची पट्टी धरून चारदा बघून आला. टेम्पोसाठी एवढे हेलपाटे त्यानं कधी घातले नव्हते.

आणि मग भाऊ हिर्डोशीला जाऊन आले. सफरचंदं, फोटोग्राफर आणि सहा कार्यकर्ते. खाटेवर बसलेल्या वनिताला म्हणाले, "ताई, सायकलची काळजी सोडा, ती आता आमच्याकडं." ती "नको" म्हणेपर्यंत फोटो निघून भाऊ जिन्याखाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा पोऱ्या दुकानात. "पेंटर, बिल भाऊंच्या नावावर टाका. दांडीवर सौजन्य लिवा. परवा चार वाजता मैदानात कार्यक्रम."

आता गंमत बघा. मामा भाचीकडून पैसे घेणार नव्हता, म्हणजे बिलच नव्हतं. नसलेल्या बिलाचं सौजन्य! मी तसं म्हणालो, तर सर्जेराव हसला नाही.

"कंडक्टर, हसायला तुमचं काय जातंय. त्यांच्या भित्तींवर माझं घर चालतंय."

त्यानं लाल दांडीवर पांढऱ्या अक्षरात 'सौजन्य :' एवढं लिहिलं. अक्षर असं देखणं की बोट फिरवावंसं वाटावं. पुढं मात्र गाडी अडली. पोऱ्यानं दिलेल्या कागदावर होतं : युवकांचे आशास्थान, कार्यतत्पर, सन्माननीय श्री. इंद्रजितभाऊ, आणि खाली मित्रमंडळ. दांडी हातभर लांब आणि दोन बोटं जाड.

"टँकरवर मावतंय हे," सर्जेराव म्हणाला. "सायकलीवर लिवायचं तर सायकली दोन पायजेत."

कुठली उपाधी गाळायची हे विचारायला त्यानं फोटो काढून पोऱ्याला पाठवला. म्हणजे तसं त्याला वाटलं. व्हॉट्सअपवर पोऱ्याचं 'विकी' आणि भाचीचं 'वनिता' ही नावं एकाखाली एक होती; फोटो गेला भाचीला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं वनिता भोरला उतरली. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला सासू जाईबाई. स्टँडसमोरच फ्लेक्स लागला होता : 'जखमी डोंगरकन्येस सायकल भेट!' भाऊ कमरेपासून वर, हात जोडलेले. वनिता खाली कोपऱ्यात.

"तुझा फोटू पाकिटावरच्या तिकिटाएवढा हाय गं," जाईबाई म्हणाली.

वनितानं फक्त 'भेट' हा शब्द वाचला, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. दुकानात येऊन तिनं आधी सायकल बघितली. हँडलपासून सीटपर्यंत हात फिरवला. रंग असा बसला होता की तिचं तोंड त्यात दिसत होतं. मग ती स्टुलावर टेकली.

"मामा, रंग लई चांगला झालाय."

"पोरी, म्या त्यास्नी न्हाई म्हणू शकत न्हाई," सर्जेराव खाली बघून म्हणाला.

"तुमी न्हाई म्हणूच नका. सौजन्य पुसू पण नका, अक्षर चांगलं हाय. फुडं नाव तेवढं मी सांगते ते लिवा."

"कुणाचं?"

"माझं."

जाईबाई पुढं झाली. "सा वर्सं झाली, गावात कुणी बी इच्यारतंय, सायकल कुठनं मिळाली. ही पोरगी आपली घेतली, घेतली करतीया. ऐकतंय कोण? आता वाचा म्हणावं."

"पर भाऊंना काय सांगू?"

"खरं तेच सांगा," वनिता म्हणाली. "जागा पुरली न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. सर्जेराव मात्र डब्यातला पांढरा रंग काडीनं ढवळू लागला. तो काय तोलत होता ते मला ठाऊक होतं : एका पारड्यात वर्षाच्या भिंती, दुसऱ्यात बहिणीची लेक. मग त्यानं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "कंडक्टर, दार लोटा. धूळ बसंल."

चार वाजता मैदानात शे-दीडशे माणूस. सायकलीवर साटिनचं कापड. भाऊंनी ते ओढलं आणि माईकवर वाचायला सुरुवात केली. समोर पाटी दिसली की वाचायची त्यांना सवयच.

"सौजन्य," भाऊ म्हणाले, आणि छाती पुढं आली. "वनिता... हिर्डोशी."

माईक चालू होता. 'हिर्डोशी' मैदानाच्या पार टोकापर्यंत गेलं. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी तिची तिनंच दिली व्हय?" आणि मग जो हशा पिकला, तो बायकांच्या बाजूनं सुरू झाला.

भाऊंनी सर्जेरावकडं बघितलं. सर्जेराव जागेवरून हलला नाही. "जागा पुरली न्हाई, भाऊ," तो म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं मोठी करणारा तो माणूस मला त्या घडीला फ्लेक्सपेक्षा उंच दिसला.

भाऊ कच्चे नाहीत. दोन क्षणांत हसले. "हेच! हाच आपल्या तालुक्याचा स्वाभिमान!" टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. मग फोटोसाठी सायकलीचं हँडल धरायला हात पुढं केला, तर वनितानं त्या हातात काठी दिली.

"भाऊ, धरा जरा. डॉक्टर म्हणलेत, सपाटीला चालवायला हरकत न्हाई."

आणि ती बसली. पहिलं पायडल उजव्यानं मारलं, दुसऱ्याला दात आवळले, तिसऱ्याला सायकल सरळ झाली. लाल सायकल उन्हात निघाली ती गर्दीला वळसा घालून पार पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत. जाईबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होती. पायडलचे वेढे असतील, नाहीतर श्वास.

"ताई, फोटो!" भाऊ इकडून ओरडले. "या हिकडं!"

वनिता गोलपोस्टला टेकून उभी राहिली होती. दम लागलेला, तोंडभर हसू. तिथूनच ती म्हणाली, "तुमीच या की, भाऊ. माझी काठी पण घेऊन या."

माणूस कुठं उतरणार हे मी चढतानाच ओळखतो, पण या वेळी माझा अंदाज चुकला. मला वाटलं भाऊ गाडीत बसणार. पण भाऊंनी काठी काखेत मारली, फोटोग्राफरला खूण केली आणि दीडशे माणसांदेखत ते पूर्ण मैदान चालत गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध सायकल, नाव वाचता येईल असं. एका बाजूला वनिता. दुसऱ्या बाजूला काठी धरून भाऊ, आणि खाली छापलेलं : 'स्वतःच्या सायकलीसह वनिता. शेजारी इंद्रजितभाऊ.'

सर्जेरावनं तो कापून दुकानात लावलाय. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी 'शेजारी' हा शब्द वाचायला लावतो, मग कामाचं विचारतो.