थुंका आणि दारू सोडा!

तळ्याकाठी अख्खं गाव लोटलं होतं. आमच्या फिनलंडमध्ये गर्दी म्हणजे दोन माणसांमध्ये एक रेनडिअर आरामात उभं राहील, अशी.

समोर गुरू तार्मो निळ्या पाण्याचे पेले मांडून ओरडत होता, "दारूचं जनुक बापाकडून येतं! मंतरलेल्या पाण्यात थुंका! निळं गेलं की जनुक गेलं!"

माझा थोरला भाऊ योउको थुंकला. जरा वेळानं निळं पाणी पांढुरकं झालं. "हं," लोक म्हणाले. आमच्याकडे यापेक्षा मोठा जल्लोष होत नाही.

आमचे बाबा दारूनं गेले. योउको दर मंगळवारी व्यसनमुक्तीच्या सभेला जाऊन दोन वर्षं कोरडा होता. आता त्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

"गेलं रे बाबांचं जनुक! आता एक बिअर घेतली तर काय बिघडतं?"

बिअरचा डबा खिशात तयारच होता.

"दादा, थांब ना जरा!"

"दोन वर्षं थांबलोय, लेका!"

मी धावत दातांच्या डॉक्टर हिल्लाबाईंकडे गेलो. त्या शेकोटीवर सॉसेज भाजत होत्या.

"थुंकी?" त्या उठल्या. "हा तर माझा धंदा!"

त्यांनी आधी पाद्रीबुवांना थुंकायला लावलं. बुवांनी जन्मात दारू चाखलेली नाही. तरी निळं गेलं. मग त्यांनी स्वतःच्या कुत्र्याची लाळ दुसऱ्या पेल्यात सोडली. निळं ढिम्म!

"म्हणजे गावात खरा दारुडा हा एकटाच!" बाई म्हणाल्या.

"कुत्र्यांना मंत्र वेगळा लागतो," तार्मो घाम पुसत म्हणाला.

बाईंनी शेजारच्या पातेल्यातलं बटाटे उकडलेलं पाणी गार करून त्यात जखमेवरचं आयोडीन टाकलं. तेच निळं!

"हा घ्या मंत्र. बटाट्यातल्या पिठाला, म्हणजे स्टार्चला, आयोडीन लागलं की निळं होतं. माणसाची लाळ पीठ पचवते, रंग जातो. कुत्र्याच्या लाळेत ते पाचक द्रव्य जवळजवळ नसतंच."

योउकोचं बोट डब्याच्या कडीत अडकलेलं. "मग माझं जनुक?"

"दारूचं असं एकच जनुक नसतंच. बरीच असतात, थोडी थोडी ढकलतात. ती थुंकून जात नाहीत. पण ढकललं म्हणून पडलंच पाहिजे असंही नाही. दोन वर्षं तू पडलास का? ते तू केलंस, आणि तुझ्या सभेनं. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा: हेच कुत्र्यावर चालेल का?"

योउकोनं डबा माझ्या हातात कोंबला.

"मंगळवारपर्यंत माझ्याशी बोलत राहशील?"

दोन फिनिश भाऊ, सलग तीन दिवस, बोलत! हा चमत्कार तार्मोला कधीच जमला नसता.