लाल पट्टीखालची निळी ओळ

मी एक लिंक बोलतेय. जरा थांबा, लगेच बोट पुढे सरकवू नका. माझ्यापाशी कुणी क्षणभरही टिकत नाही, म्हणून मला घाईघाईत बोलायची खोड लागली आहे.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या वेबसाइटवर माझा जन्म झाला. त्यांच्या भाचीने मला घडवलं. ‘मशीन बिघडलंय? इथे कळवा’ एवढीच मी, निळी, खाली रेघ ओढलेली. माझ्यावर बोट ठेवलं की निरोप थेट बाईंच्या फोनवर. बाई तेलकट हात पुसायच्या आणि लगेच उत्तर द्यायच्या. मला धन्य वाटायचं.

पण बाईंचा स्वभाव भिडस्त. बटणवाला म्हणाला, माझीही लिंक टाका. टाकली. मग दिरांच्या टायरवाल्या मित्राची टाकली. टायरचा आणि शिवणकामाचा काय संबंध, देव जाणे! एक लिंक तर कधीच बंद झालेल्या दुकानाच्या दारात माणसाला नेऊन सोडायची. मला दाटीवाटीत गुदमरायला व्हायचं.

पुढे दिरांनी जाहिरातींच्या पट्ट्या आणल्या. बसल्या जागी चार पैसे सुटतील, असं त्यांचं म्हणणं. त्यातली एक लाल, लुकलुकणारी. पान उघडलं की आधी मी दिसायची. कुणी बोट उचलायचं, तेवढ्यात ही उशिरा येऊन माझ्याच जागी बसायची आणि मी खाली ढकलली जायची. बोट पडायचं तिच्यावर. ‘जुनं मशीन द्या, नवीन घेऊन जा!’ मी ओरडणार तरी कशी?

एके दिवशी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकू दुकानात आल्या. बाईंचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

“तुम्ही दुरुस्ती सोडलीत ना? मग मीही आईचं मशीन देऊन नवीन घेतलं.”

“मी सोडली? कोण म्हणालं?”

“तुमचंच पान. तीनदा दाबलं, तीनदा नवीन मशीनच्याच दुकानात गेले. शाळा उघडायला आठवडा राहिला होता, थांबणार किती?”

बाईंनी काकूंच्या फोनवर स्वतः दाबून पाहिलं. त्यांचंही बोट लाल पट्टीवरच पडलं. त्यांनी लगेच त्या दुकानात फोन लावला. आईचं मशीन कालच भंगारात गेलं होतं.

त्याच दुपारी भाचीने लाल पट्टी काढली. उरलेल्या लिंका आणि पट्ट्यांपैकी एकेकीबद्दल बाई विचारत गेल्या, शिवणाऱ्या माणसाला हिचा काय उपयोग? शेवटी सुई-दोऱ्याच्या दुकानाची एकच जाहिरात राहिली, अगदी तळाशी, न लुकलुकणारी, वर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहिलेली. दीर दोन दिवस रुसून बसले.

आता मी सगळ्यात वर आहे, तरी जिवाला स्वस्थता नाही. पान उघडलं की आधी डोक्यावर काही येतंय का ते बघते. तुमचंही छोटं दुकान असेल, तर एकदा गिऱ्हाइकाच्या बोटाने आपलं पान दाबून बघा, एवढंच मागणं.

परवा काकूंचं बोट पुन्हा माझ्यावर आलं. मी जिवाच्या आकांताने निरोप पोचवला.

‘नवीन मशीन टाके सोडतंय. आईचं कधी सोडत नव्हतं.’