पथारीलगतची खोली

मे महिन्यात हसीब खोली बघायला आला, तेव्हा त्यानं आधी भाडं विचारलंच नाही. दोंडाईच्याच्या बाजारात तीस वर्षं मापाडी म्हणून काटा धरलाय मी. भाडं न विचारणारं गिऱ्हाईक एकतर पैसेवालं असतं, नाहीतर घाबरलेलं. याच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, म्हणजे दुसरंच.

त्यानं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं.

"नाना, वारा कुठून येतो?"

"येईल तिकडून. हवेचं भाडं वेगळं लावत नाही मी."

तो हसला नाही. त्याची बायको सबा दारात उभी होती, कडेवर पाच वर्षांची अर्शी. हसीब मूळचा यावलचा, केळीच्या बागांतला, आणि कामाला नरडाण्याच्या कारखान्यात. तिथं खोलीही कारखान्याच्या भिंतीलगतच घेतलेली, म्हणजे चालत कामावर. आठ महिन्यांत तिथल्या धुळीनं पोरीची छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी जागा बदला. म्हणून हा रोज रेल्वेनं ये-जा करायला तयार झाला होता.

"मागचं मैदान कसलं?"

"मोकळं आहे."

मे महिन्यात ते मोकळंच असतं. नोव्हेंबर ते मार्च त्यावर ओली लाल मिरची वाळत पसरलेली असते. त्याला आम्ही पथारी म्हणतो. आम्ही त्या ठसक्यातच वाढलो, आमची नाकं पक्की झालीत. यावलच्या माणसाला हे कुठून माहीत असणार?

ते गेल्यावर माझ्या बायकोनं, कमलबाईनं विचारलं, "मिरचीनी गोठ सांगी का त्यास्ले?"

"आजून भलता दिन शेतस," मी म्हणालो. मिरचीला अजून पुष्कळ दिवस होते आणि खोली तीन महिने रिकामी होती.

पोरगी बरी झाली. मैदानात भोवऱ्यासारखी फिरायची. सबा कमलबाईला सांगायची, "अक्का, दोन महिने झाले, पंपाला हात लावला नाही." पंप म्हणजे अर्शीचा दम्याचा फवारा. सगळे खूश होत गेले, तसतसा मी मैदानाकडं बघायचं टाळू लागलो. गणपतीच्या सुमारास सांगायचं म्हणून त्यांच्या दारात गेलो, तर हसीबनं गावाकडची केळी पुढं केली. तोंड भरलेलं असताना माणूस काय सांगणार?

दिवाळीनंतर पहिला ट्रॅक्टर आला. हसीबला सुट्टी होती. तो पोरीला खांद्यावर घेऊन बघत उभा.

"नाना, सगळं लाल करून टाकलं की! वाळायला किती दिवस?"

"होळीपर्यंत एकामागून एक ढीग येत राहतात."

त्यानं बोटांवर महिने मोजले, नाकानं हवा ओढली, आणि घरात जाऊन खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी बायका वाळत घातलेली मिरची उलथायला लागल्या आणि वारा आमच्याकडं फिरला. सबानं दार बडवलं.

"अक्का, हिला बघा ना!"

अर्शीचं तोंड उघडं होतं. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. नखं निळी. पंप दिला, पुन्हा दिला, काही उपयोग नाही. रिक्षा बोलावली, पण रस्ता पथारीला लागूनच. सबानं ओली ओढणी पोरीच्या तोंडावर धरली. पोरीला वाटलं आपल्याला दाबताहेत. ती आईचे हात ओरबाडायला लागली. ओरडायला तिच्याकडं हवा नव्हती. लाखो क्विंटल तोललेला मी, त्या वीतभर छातीकडं मला बघवेना.

दवाखान्यात मास्क लावला. अर्ध्या तासानं नखं गुलाबी झाली. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, पण त्या खोलीत नको."

हसीब कामाच्या कपड्यांवरच धावत आला. मी तीन सबबी तयार ठेवल्या होत्या.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

तिन्ही सोडून मी म्हणालो, "होतं."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग आज रात्री आम्ही झोपायचं कुठं, तेवढं सांगा," तो म्हणाला. माझं घर त्याच भिंतीला भिंत लावून.

शेवटी यावल ठरलं, त्याच्या आईकडं. संध्याकाळच्या भुसावळकडच्या गाडीनं मायलेकींनी पुढं जायचं, हसीबनं नरडाण्याला उतरून एका सोबत्याकडं झोपायचं. दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. आणखी एक खाडा झाला तर गेट बंद, असं सुपरवायझरनं बजावलेलं. फलाटावर सबा पोरीला मांडीवर घेऊन बसली. तिची नजर पोरीच्या गळ्यावर होती.

गाडी गेली तरी मी बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासानं फोन लावला.

"नाना, नरडाणा आलं."

"मग उतर."

फोनमध्ये चहावाल्याची आरोळी, आणि तिच्याखाली बारीक शिट्टीसारखा आवाज. गाडीची शिट्टी नव्हती ती. "हिची छाती परत वाजतेय," हसीब म्हणाला. मग खरी शिट्टी झाली.

"हसीब, उतरलास का?"

डबे हलल्याचा खडखडाट. "नाही उतरलो. नाना, पुढं अमळनेरला स्टेशनजवळ दवाखाना आहे का? या वेळी उघडा असतो का?"

जीभ 'आहे' म्हणायला वळली होती. पण मला ठाऊक नव्हतं, म्हणून आवरली.

"फोन चालू ठेव. डॉक्टरांना विचारून सांगतो," म्हणालो, आणि गुडघ्यांची पर्वा न करता दवाखान्याकडं पळत सुटलो.