ताईचा निळा हौद

अग्निशमन दलाच्या साहेबांना त्या दुपारी उभ्याउभ्या झोप येत होती. सकाळपासूनची ही तिसरी आग, सुताराच्या लाकडाच्या वखारीची. बंबातलं पाणी संपलेलं आणि वारा पलीकडच्या घरांच्या दिशेने सुटलेला. पाणी होतं ते फक्त वखारीला लागून असलेल्या, कापड रंगवायच्या कारखान्याच्या हौदात. ते गडद निळं होतं, आणि कारखाना साहेबांच्या थोरल्या बहिणीचा होता.

"ताई, बाजूला हो. आग लागली की मला कुणाचंही दार फोडता येतं, भिंत पाडता येते, पाणी घेता येतं. कायदा आहे."

"लहानपणीही असंच हिसकावायचास. तेव्हा कायदा नव्हता, आईचे लाड होते." ताई हौदाच्या कठड्यावर बसली होती, ती हलली नाही. "गणवेशाचं कापड उद्या द्यायचंय. नाही दिलं, तर पुढचं काम मला कोण देईल?"

साहेबांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा घरांकडे. कायद्यात सगळं होतं, घरी जाऊन आडवं व्हायचं कलम तेवढं नव्हतं. जांभई गिळून त्यांनी पाइप हौदात सोडला.

ज्वाळा आधी जांभळ्या झाल्या, मग ओशाळून विझल्या. सुताराची दाढी निळी, साहेबांच्या मिशा निळ्या. छपरावरचे कावळे तर मोरासारखी मान वळवून स्वतःला न्याहाळू लागले. सगळं पाणी उतारावरून वाहत येऊन गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर तुंबलं.

साहेब बंबाच्या पायरीवर टेकणार, तोच ताई हातगाडीवर पांढऱ्या कापडाचे तागे घालून आली. तिने तुंबलेल्या पाण्यात बोट बुडवलं. आगीच्या धगीनं ते छान कोमट झालं होतं; रंग धरायला तसंच लागतं.

"पाणी कायद्यानं नेलंस. रंगही नेता येतो, असं लिहिलंय कुठं?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "नाही."

"मग बूट काढ. तुझ्या माणसांनाही सांग."

"ताई, आम्ही फार दमलोय गं."

"तुडवायला डोकं लागत नाही. पाय आहेत ना?"

जवान रांगेनं पाण्यात उतरले आणि तागे तुडवू लागले. थोड्या वेळानं साहेबांचा डोळा लागला, ते घोरूही लागले, पण पाय चालूच राहिले. ताईनं त्यांना खांद्याला धरून हळूच वळवलं.

"डावा पाय दाब, धाकट्या. तिकडं फिकं राहतंय."