बांधाकडची ओळ

"बोरस्ते! तू कमांडर हायस का हमाल?"

सुभेदार गायखे ओरडला की वाटायचं, देवळालीच्या तोफेनं आज आपल्याकडंच तोंड केलं. फौजेतनं उतरून त्याला लय वर्षं झालेली, पण घसा काय रिटायर व्हायला तयार नव्हता. नाशिकरोडच्या पुढं, घरामागच्या पडीक रानात त्यानं चर खणले, दोर टांगले, फळ्या-ओंडके आणून टाकले, आणि ऑफिसर व्हायला निघालेली पोरंपोरी तिथं तासायला घेतली. गोड बोलून तासणं त्याला येत नव्हतं, आणि शिकायची हौसही नव्हती.

निकिता बोरस्ते चरात बसली होती. अंगावर वाळू, मांडीवर डबा, डोक्यावर उलटलेली फळी.

खेळ तसा साधा. एक चर, म्हणजे दरी समजायची. एक लांब फळी, पण ती पलीकडच्या काठाला टेकवायची नाय, हातभर अलीकडंच ठेवायची. आणि वाळूनं भरलेला तेलाचा डबा. तो पलीकडच्या काठावर गेला पाहिजे. कमांडरनं दोन मदतनीस बोलवायचे आणि त्यांच्याकडनं काम करून घ्यायचं. मदतनीसांनी आपलं डोकं चालवायचं नाय, सांगतील तेवढंच करायचं. भोपाळला निवड होते तिथं असलाच खेळ असतो. साहेब लोक लांब उभे राहून बघतात, कोण हुकूम देतो आणि कोण नुसताच राबतो.

निकितानं काय केलं? "पूजा, जरा सरक गं बाई," म्हणाली, डबा स्वतःच खांद्यावर घेतला आणि फळीवर निघाली. सिन्नरची पूजा बिचारी मैत्रीण, ती सरकली. दुसऱ्या मदतनीसाला तर काय सांगितलंच नाय, मागं वजन कुणाचंच नाय. फळी उलटली.

"सर, हिला भोपाळ कशाला?" रुद्र काठावरनं म्हणाला. "मार्केट यार्डात डायरेक्ट भरती आहे."

कॉलेज रोडचा पोरगा, जिममधलं अंग, थोरला भाऊ कॅप्टन. त्याच्या मागं ओम खिदळला. ओम म्हणजे रुद्रची सावली, फरक एवढाच की सावली खिदळत नाय.

"तू ये यार्डात," निकिता चरातनं म्हणाली. "वांग्याच्या क्रेटमधी घालून इकते तुला. देठासकट."

"गप!" सुभेदार रुद्रकडं वळला. "आणि तू काय दात काढतोस? काल तुझी पाळी होती तेव्हा काय झालं? तू बोलतोस, आणि तुझे दोस्त हसत बसतात. कमांडर नाय तू, वरातीतला करवला हायस." मग पुन्हा निकिताकडं. "शनिवारी शेवटची चाचणी. परत सामानाला हात लावलास, तर या फाटकातनं आत यायचं नाय. मी भोपाळला हमाल पाठवत नसतो."

निकिता वाळू झाडत चरातनं वर आली. मागल्या खेपेला भोपाळहून ती अशीच परत आलेली. सगळ्या परीक्षा दिल्या, धावली, बोलली, आणि शेवटच्या दिवशी हातात घरचं तिकीट. आता परत बोलावणं आलं होतं. वय निघून चाललेलं, याच्यापुढं बोलावणं येणार नव्हतं. आणि असं फळ्या-चरांचं मैदान तिच्या आवाक्यात दुसरं नव्हतं.

एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि स्वतःच्या हातांवर चिडली. हातच ते. जड दिसलं की आपोआप पुढं जायचे.

आता हे हात असे का झाले, ते सांगायला पाहिजे.

निफाडच्या अंगाला मोठे बागायतदार द्राक्षाच्या छाटणीला हरसूलकडच्या मजुरांच्या टोळ्या आणतात. पण निकिताच्या घरचा बाग लहान. तिथं अजून सावड चालते. आज तुम्ही आमच्या बागेत, उद्या आम्ही तुमच्या. फक्त आपली पाळी चुकवायची नाय. आणि सावडीची एक रीत हाय. ज्याचा बाग, त्यानं बांधाकडची ओळ धरायची. ती ओळ सगळ्यात वंगाळ. वरनं बाभळीचे काटे, खाली गांधीलमाश्यांचं मोहोळ, मांडव वाकलेला. घरच्या माणसानं ती मुकाट्यानं घ्यायची, आणि आलेल्या माणसाला 'हे कर, ते कर' म्हणायचं नाय. म्हणलं तर त्याला मजूर समजलं असं होतं. तो माणूस पुढच्या साली तुमच्या बांधाकडं ढुंकून बघत नाय.

निकिता चालायला लागली तेव्हापासून हेच बघत आलेली. पूजा तिच्या हाकेला आली, म्हणजे तिच्या पाळीला आली. तिला हुकूम कसा सोडायचा?

घरी पोचली तर बागेत सावड चालूच होती. आई, ललिता, बांधाकडच्या ओळीत काट्यांत घुसलेली. आणि बागेच्या मधोमध कुसाबाई. हिचा बाग यांच्या बागेला खेटून, आणि बांध कुणी कोरला यावरनं दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. लग्नाला नाय, मयतीला नाय. पण सावडीला कात्री घेऊन हजर. यांची पाळी झाली की ललिताही तिच्याकडं जायची.

निकिता कात्री घेऊन वाकते न वाकते, तोच आईचा आवाज आला.

"कुसाबाई! दोन डोळे जास्त ठेवतीस काडीला. खाली काप. बाग माझा हाय, तुझा नाय."

"मग डोळे फोडून घे ना स्वतःचे!" कुसाबाई म्हणाली. पण कात्री काडीवरचे दोन कोंब सोडून खाली सरकली, आणि पुढची काडी बरोबर कापली गेली.

निकिता मांडवाखाली तशीच वाकून राहिली.

चहाला बसल्यावर तिनं विचारलं, "आई, बाकी कुणाला तू एक शब्द बोलत नाय. कुसाकाकूला बरी तोंडावर सांगतीस?"

"बाकीच्यांची मनं सांभाळायला लागतात," आई फुंकर मारत म्हणाली. "हिचं मन कवाच गेलंय. आता काय जायचं राहिलंय?"

शनिवारी सुभेदार चरापाशी उभा राहिला. "बोरस्ते. मदतनीस?"

पूजा आधीच पुढं आली होती.

"रुद्र आणि ओम, सर."

पूजा जागच्या जागी थांबली. "येडी झालीस काय गं?" ती पुटपुटली. सुभेदारानं एक भुवई वर नेली आणि तिथंच ठेवली. रुद्र मात्र खुशीत आला, शिकार चालत दारात आल्यावर शिकारी येतो तसा.

निकितानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसरं मनगट धरलं.

"फळी उचल, रुद्र."

रुद्रनं फळी उचलली आणि तिथंच उभा राहिला.

"ठेव की."

त्यानं ठेवली. तिच्या बुटावर. "कुठं ठेवू ते तू बोलली नाहीस, कमांडर."

ओम खिदळला. निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मनगट सुटलं नाय. पूजा असती तर न सांगता समजून घेतलं असतं, आणि मग आपणही सांगितलं नसतं, हे तिला त्या कळेत लख्ख कळलं. हा समजून घेणार नव्हता. याला अक्षर न् अक्षर सांगायला लागणार होतं.

"माझ्या पायावरनं काढ. दोघांनी धरा. चराच्या काठावर आडवी नेऊन पुढं सारा. निम्म्याहून कमी बाहेर काढायची. मी थांब म्हणेन तिथं थांबायचं."

फळी सरकली.

"थांब. रुद्र, मागच्या टोकावर उभा राहा. दोन्ही टाचा टोकाला. ओम, डबा घे आणि फळीवरनं पुढं चाल. टोकाशी जाऊन खाली बस, आणि डबा पलीकडच्या काठावर ढकल."

ओमचं हसू गेलं. "मी? आणि हा हलला तर?"

"का रं, तुझाच दोस्त ना?"

ओम डबा घेऊन फळीवर निघाला. रुद्र मागच्या टोकावर उभा होता, हाताची घडी घालून. तो निकिताकडं बघत राहिला. मग हळूच त्यानं एक टाच उचलली. फळीचं टोक कुरकुरलं. ओम मधेच डबा छातीशी धरून बसला.

"रुद्र्या! हलू नको रे, आईशप्पथ!"

निकिताचा डावा हात पाठीमागं सुटायला बघत होता. डबा धरायला, ओमला धरायला, काय मिळंल ते धरायला. उजव्या हाताची नखं मनगटात रुतली.

"रुद्र," ती म्हणाली. आवाज चढला नाय, फक्त त्यातली सगळी माया निघून गेली. "तू हललास तर मी नापास. पण खाली जाणार ओम. टाच टेक."

रुद्रनं दात खाल्ले. टाच टेकली.

"ओम, ऊठ. पुढं बघ. चाल."

ओम गेला. टोकाशी बसला, हात लांबवला आणि डबा पलीकडच्या काठावर ढकलला. वाळू सांडली नाय.

सुभेदारानं शाबासकी दिली नाय. ती त्याच्या घरातच नव्हती.

"हात कुठं होते, बोरस्ते?"

"मागं, सर."

"तिथंच ठेव. भोपाळपर्यंत." म्हणजे फाटक उघडं राहिलं. "बूट काढून अंगठा बघ, सुजला असंल. पुढचा! रुद्र. मदतनीस?"

ओमनं हात वर केला. रुद्रनं त्याच्याकडं बघितलं, मागल्या पाळीला हा कसा हसत बसला होता ते बहुतेक आठवलं असावं.

"बोरस्ते," तो म्हणाला, तोंडात कडू आल्यागत. "आणि पूजा."

निकिता लंगडत पुढं आली. रुद्रचा खेळ ओंडक्यांचा. त्यानं सगळ्यात जड ओंडका बोटानं दाखवला. "उचल. उजव्या खांद्यावर. त्या पांढऱ्या खुणेपर्यंत आण आणि माझ्याकडं तोंड करून थांब."

पूर्ण हुकूम होता. खोट काढायला जागाच ठेवली नव्हती त्यानं. निकितानं ओंडका उचलला. अंगठा ठणकत होता, खांद्याला साल घासत होतं, पण ती पांढऱ्या खुणेपर्यंत गेली आणि त्याच्याकडं तोंड करून थांबली. पाळी त्याची होती.

काम झालं. सुभेदार नुसता हुंकारला, आणि त्याचा हुंकार पोरं महिनाभर सांगायची.

फाटकापाशी रुद्रनं तिला गाठलं. त्यालाही भोपाळचं बोलावणं आलेलं.

"सोमवारी सरावाला आधी माझं घ्यायचं."

"आधी माझं. मग मी तुझ्या पाळीला."

"तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला."

"मलाबी नाय," निकिता म्हणाली. "येळेवर ये."