ढाण्याच्या गळ्यातला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला; बाहेरच्या अंगाला बोटभर लांबीचे खिळे असलेला. माझा आवाज दबका येत असेल तर जरा वाकून ऐका. तो तसा का येतो ते शेवटी सांगेन.

माझा जन्म भोरचा. कुंडलिक लोहारानं फाटक्या मोटेचं चामडं दुहेरी शिवून घेतलं, आत लोखंडाची पट्टी घातली आणि तिच्यातून अठरा खिळे बाहेर काढले. तयार झालो तेव्हा चांगला दीड शेर भरलो. कुंडलिकानं मला हातात तोलून पाहिलं आणि स्वतःचं बोट रक्ताळून घेतलं. मला फार बरं वाटलं, लपवू कशाला? चावण्यासाठीच तर मला घडवलं होतं.

मला घेऊन गेला सावळाराम. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या उतारावर पाच-सात घरांची वस्ती होती. तिथं तो, त्याची बायको बनाबाई, दोन बैल आणि वीसेक शेळ्या. रानात बिबटे उदंड. बिबट्या कुत्र्यावर येतो तो थेट नरड्यावर येतो, म्हणून तिथं कुत्र्याच्या गळ्यात माझ्यासारखा पट्टा असायचाच.

पहिल्यांदा मी खंड्या नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात होतो. तेव्हा मला बक्कल होतं. एका वैशाखात खंड्याची मान घामानं चिघळली. सावळारामला दया आली. त्यानं मला दुपारपुरतं काढलं आणि खुंटीला टांगलं. त्याच दुपारी बिबट्यानं खंड्याला गोठ्यामागून उचललं. सावळाराम धावला तेव्हा खंड्या सापडला, पण त्याचं नरडं जागेवर नव्हतं. सावळारामनं ते पाहिलं आणि तिथंच ओकला. मी खुंटीवरून सगळं ऐकलं.

वस्तीची रीत जुनीच होती, की पट्टा उतरायचा तो मेलेल्या कुत्र्याच्या गळ्यातून. जिवंत कुत्र्याचा पट्टा काढला की त्याचं मरण बोलावलं, असं तिथं सगळे मानायचे. सावळारामनं ती रीत एकदा मोडली आणि खंड्या गेला. मग तो मला घेऊन पुन्हा भोरला गेला. नवं कुत्रं, ढाण्या, बरोबर होतं. दोन वर्षांचा, मातकट रंगाचा, छाताडानं रुंद. सावळाराम कुंडलिकाला म्हणाला, “बक्कल काढून टाका. ह्यो परत निघाया नगं.” कुंडलिकानं ढाण्याच्या मानेखाली ऐरण सरकवली आणि माझी दोन टोकं रिबिटानं ठोकून एक केली.

त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. दिवे लागायच्या वेळेला शेळ्या घराकडे वळल्या होत्या. करवंदीच्या जाळीतून बिबट्या आला आणि त्यानं ढाण्याच्या मानेवर जबडा टाकला. माझं काम मी चोख केलं. माझे चार खिळे त्याच्या टाळूत शिरले, तोंडभर रक्त आलं, तो किंचाळला. मी मनात म्हटलं, घे, आणखी घे.

त्यानं मान सोडली आणि पुढचा डावा पाय धरला. पायाला पट्टा नव्हता.

हाड फुटल्याचा आवाज ओलं लाकूड मोडावं तसा आला. ढाण्या बिबट्याच्या कानाला लोंबकळत होता आणि बिबट्या त्याचा पाय चघळत होता. सावळारामनं कुऱ्हाड फेकली तेव्हा कुठं तो जाळीत गेला. पाय कातड्यावर लटकत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला, चौथ्या दिवशी त्यात किडे वळवळले.

वेल्ह्याच्या बाजारात मन्सूर नालबंद बैलांच्या खुरांना पत्र्या मारायला आला होता. पंचक्रोशीतल्या जनावरांचा वैद्य तोच. सावळारामनं ढाण्याला घोंगडीत घालून त्याच्यापुढं आणलं. मन्सूरनं वास घेतला, वर पाहिलं आणि म्हणाला, “पाय ठिवला तर कुत्रं जाईल. पाय काढतो, मग बघू. आधी पट्टा काढ. धरताना खिळं लागत्याल.”

“पट्टा न्हाई निघायचा.”

“अरं, जित्ता हाय त्यो.”

“जित्ता हाय म्हनूनच.”

मन्सूर कामाला लागला. ढाण्याचं तोंड सुंभानं बांधलं, बनाबाईनं मागचे पाय धरले, सावळाराम त्याच्या मानेवर आडवा झाला. खूर तासायचा चाकू खांद्याखालच्या सांध्यात शिरला. ढाण्या असा उसळला की माझे खिळे सावळारामच्या दंडात गेले. त्यानं पकड सोडली नाही, मीही सोडली नाही. मालकाचं रक्त मी त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं, आणि या वेळी मला बरं वाटलं नाही. मग मन्सूरनं विस्तवातली सळई काढून तोंड फुटलेल्या शिरांवर लावली. केस, मांस आणि माझं चामडं एकदमच करपलं. पाय बाजूला पडला होता, त्यावर बाजारातली दुसरी कुत्री गुरगुरायला लागली. बनाबाईनं तो उचलून पदराखाली घेतला आणि वस्तीवर नेऊन करवंदीजवळ पुरला.

पुढचा महिना बनाबाईचा. सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, हळद आणि तेल भरायची, माश्या बसू नयेत म्हणून शेजारी धूर करायची. नाचणीची पेज आणि शेळीचं दूध बोटांनी चाटवायची. पहिल्या दिवसांत तो वेदनेनं तिलाच चावला. तिनं हात धुतला आणि त्याच हातानं पेज पुढं केली. “चाव,” म्हणाली, “पन गीळ.”

जखम भरली. त्यावर गुलाबी कातडं आलं. पण ढाण्या चालेना. उभा राहायचा, एक पाऊल टाकायचा आणि तोंडावर आपटायचा. हनुवटी दगडावर, माझे पुढचे खिळे मातीत, मागचे त्याच्या ताज्या कातड्यात. बनाबाई पुन्हा उभा करायची, तो पुन्हा आपटायचा. ओठ फाटले, एक दात गेला. शेवटी त्यानं उठणं सोडलं. मग खाणंही सोडलं. कुशीला चट्टे पडले.

आणि मला कळत होतं. तुम्हाला म्हणून सांगतो, पहिल्या दिवसापासून कळत होतं. पुढच्या दोन पायांवर दीड शेर लोखंड वागवणारं जनावर आता ते एका पायावर वागवत होतं. त्याला पाडणारा मीच होतो. बिबट्यानं एकदा पाडलं, मी दिवसातून वीसदा पाडत होतो. पण मला तोंड कुठं? खिळे होते फक्त.

एके सकाळी सावळाराम म्हणाला, “आज वढ्याला न्हेतो त्येला. कुजत पडन्यापरीस एका घावात सुटंल.” तो अंगणात दगडावर पाणी टाकून कुऱ्हाड घासायला बसला. तो आवाज आत गोठ्यात येत होता.

बनाबाई ढाण्याजवळ आली. मरायच्या आधी त्यानं आपल्या पायांनी चालत जाऊन पाणी प्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं जुनं लुगडं त्याच्या छातीखालून घातलं आणि वर ओढलं. हात निसटला म्हणून दुसऱ्या हातानं तिनं जे सापडलं ते धरलं. सापडलो मी. तिनं मला वर उचलून धरलं आणि ढाण्या चालला. एक उडी, दुसरी, तिसरी. पाण्याच्या डेऱ्यापर्यंत.

तिनं मला सोडलं. तो आपटला.

तिनं पुन्हा धरलं. माझे खिळे तिच्या तळव्यात घुसले होते, रक्त मनगटावरून कोपराकडे वाहत होतं. तिला त्याची शुद्ध नव्हती. ती खाली बघत होती, त्या एका पुढच्या पायाकडे. ही बाई रोज दोन घागरी डोक्यावर घेऊन चढ चढायची. भार कुठं बसतो आणि कुणाला पाडतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिनं कोयता घेतला. माझ्या आणि ढाण्याच्या मानेमध्ये लाकडाची ढलपी सरकवली, त्याचं डोकं मांडीखाली दाबलं आणि रिबिटाशेजारी घाव घातला. पट्टी संपून तिथं नुसतं चामडं होतं. पहिल्या घावात शिवण तुटली, तिसऱ्यात मी दोन टोकांचा झालो. दुखलं का म्हणाल तर दुखलं. पण असल्या दुखण्याची मी महिनाभर वाट पाहत होतो.

बाहेर कुऱ्हाड घासायची थांबली. सावळाराम दारात आला. त्याला दिसलं ते एवढंच: जमिनीवर तुटलेला मी आणि माझ्याखाली रक्त. ते बनाबाईच्या हाताचं होतं, पण त्याला काय ठाऊक? त्याच्या हातून कुऱ्हाड गळाली. तो खाली बसला. “गेला?” म्हणाला. “मला हात बी लावू दिला न्हाई.” आणि हा दंडात खिळे घुसताना हूं न म्हणणारा माणूस गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला.

तेवढ्यात डेऱ्यामागून ढाण्या आला. तीन पायांवर उड्या मारत, मान खालीवर करत. तोल गेला, सावरला, आणि सावळारामच्या डोक्याचा वास घेऊन त्याचा कान चाटला.

सावळारामला आधी आनंद झाला आणि मग भीती वाटली. भीतीनं तो बनाबाईवर धावला. तिचा दंड धरून तिला भिंतीशी रेटलं. “नरडं उघडं केलंस त्येचं. खंड्याचं म्या बगितलंय. तू न्हाई.”

“लंगडेपनानं पडत नव्हता त्यो,” बनाबाई म्हणाली. “तुमच्या पट्ट्यानं पडत व्हता. आता त्येचा भार म्या वागवीन. हात सोडा.”

तिनं बोलल्याप्रमाणं केलं. शेळ्या घेऊन निघाली की मला डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत काथ्यानं गुंडाळायची. वस्तीतल्या बायका हसायच्या. ढाण्या आता तीन पायांवर असा पळायचा की शेळ्या वळवताना चौथ्याची आठवणही येऊ नये. सावळाराम मात्र त्याच्या गळ्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा.

माघात, भर दुपारी, ओढ्याच्या डबक्यावर ढाण्या पाणी पीत असताना बिबट्या परत आला. तोच होता. टाळूला मी दिलेल्या जखमांमुळे त्याचं तोंड वाकडं झालं होतं. तो उघड्या नरड्यावर झेपावला, पण मधे बनाबाईचा हात आला, आणि हातावर मी होतो.

तो मला चावला. सगळ्या दाढांनी चावला. माझे खिळे त्याच्या जिभेतून आरपार गेले आणि अडकले. माझ्याखाली बनाबाईचं हाड मोडलं, ते मला कडेला जाणवलं. त्याला तोंड मिटता येईना, उघडताही येईना. बनाबाई उजव्या हातानं कोयता मारत होती, कपाळावर, डोळ्यावर, नाकावर, जिथं लागेल तिथं, आणि प्रत्येक घावाला ढाण्याचं नाव घेत होती. ढाण्यानं बिबट्याच्या पोटाखालची कातडी धरली आणि तीन पाय रोवून मागं ओढली. डबक्याचं पाणी लाल झालं. शेवटी बिबट्यानं डोकं हिसडलं, अर्धी जीभ माझ्याकडे राहिली, आणि तो आंधळा होऊन ओढ्यात आपटत-आपटत गेला. दोन दिवसांनी खालच्या अंगाला गिधाडं उतरली.

बनाबाईचा हात मन्सूरनं बांबूच्या कांब्या लावून बांधला. तो सरळ झाला, पण दोन बोटं कायमची मिटली. भाकरी थापताना ती आता एकाच हातानं थापायची. सावळारामनं त्यानंतर पट्ट्याचं नाव काढलं नाही. मला खुंटीला टांगलं. तिथून मी नऊ वर्षं ढाण्याला बघितलं. तीन पायांचा, उघड्या गळ्याचा, दारात आडवा पसरून म्हातारा होत गेलेला.

तो गेला तो चुलीपाशी, ऊब अंगावर घेत, झोपेत. वस्तीची रीत मेलेल्या कुत्र्याचा पट्टा उतरवायची. ह्याला तर पट्टाच नव्हता. सावळारामनं करवंदीजवळ खड्डा खणला, जिथं त्याचा पाय पुरला होता त्याच्याच शेजारी. मग घरात गेला आणि मला खुंटीवरून घेऊन आला. बनाबाई म्हणाली, “आता कशाला?”

“आता घालतो,” तो म्हणाला. “आता भार लागायचा न्हाई त्येला.” त्यानं माझी दोन टोकं सुतळीनं बांधली. बांधताना एक खिळा त्याच्या अंगठ्यात गेला.

म्हणून माझा आवाज असा येतो. सुतळी कुजली, चामडं वाळवीनं खाल्लं. ज्या मानेभोवती होतो तिथं आता नुसती माती आहे. कधी कुणाचा नांगर किंवा कुदळ मला लागली, तर बाबांनो, एवढं करा. चांगलं लोखंड आहे म्हणून मला उपसून पुन्हा कुणाच्या गळ्यात घालू नका. होतो तसा मातीत ढकला. आणि हात जपा, खिळे अजून वरच्या अंगाला आहेत.