‘च्यक्’ म्हणजे नाही

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. कडेचा टवका उडालेला, त्यावर चिकटपट्टी लावलेली. ‘फुटक्या आरशात तोंड पाहू नये’ म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेलच. खुशाल म्हणू द्या! मी पुणेरी आहे, मला ऐकून घ्यायची सवय नाही.

बोहरी आळीतल्या एका कारखान्यात मला स्टीलची कड बसली आणि तुळशीबागेत सुप्रभाने मला विकत घेतलं. लग्नानंतर तिच्या साड्यांच्या घडीत बसून मी थेट योकोहामाला आलो. तिच्या नवऱ्याला, नीलकंठला, तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं होतं. सुप्रभाने मला आणलं टिकली लावायला, पण मला बळकावलं नीलकंठने. रोज सकाळी मला खिडकीशी टेकवून तो दाढी करायचा. स्वयंपाकघरातून सुप्रभा ओरडायची, “अजून चहा टाकू का?” तोंडाला फेस, बोलणार कसा? नको असेल तर तो जीभ टाळूला लावून आवाज काढायचा, ‘च्यक्’. हवा असेल तर गप्प राहायचा, आणि कप यायचा. त्या घरात ‘च्यक्’ म्हणजे नाही आणि गप्प म्हणजे हो. मी रोज समोर असायचो, मला ठाऊक आहे.

मग २०११चा भूकंप आला. मी खिडकीवरून खाली पडलो आणि टवका उडाला. सुप्रभाने मला कागदात गुंडाळलं, वर ‘धोका’ असं जपानीत लिहिलं आणि न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवलं. गाड्या बंद होत्या. नीलकंठ चार तास चालत घरी आला आणि दारातच त्याला पिशवी दिसली.

“अगं, एवढा भूकंप पचवला त्याने, आणि तू त्याला कचऱ्यात घालतेस?”

त्यानेच मला चिकटपट्टी लावली. तो उपकार मी विसरलो नाही. पुढे त्याने दाढीचं यंत्र घेतलं आणि मी तीन वर्षं खणात पडलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांनी स्टेशनच्या उतारावर त्याची सायकल घसरली. डोक्याला जबर मार बसला. काही आठवडे तो बेशुद्ध होता. मग डोळे उघडले, पण नजर माणसांच्या आरपार जायची. होरिकावा सेन्सेई म्हणजे त्याचे डॉक्टर. ते सुप्रभाला म्हणाले, “नीलकंठ-सान जागे आहेत, पण जाणीव आहे असं दिसत नाही.” शुक्रवारी डॉक्टरांची बैठक होती. तोवर जाणिवेची एकही खूण दिसली नाही, तर त्याचे उपचार थांबणार होते आणि त्याला नुसतं सांभाळण्याच्या वॉर्डात हलवणार होते.

जाणीव तपासायला अशा रुग्णासमोर आरसा हळूहळू सरकवतात. स्वतःचा चेहरा नजरेला सगळ्यात जास्त ओढतो, म्हणून. दवाखान्याचा कोरा आरसा फिरला, नीलकंठची नजर हलली नाही. सुप्रभाने घरी जाऊन खण उपसला आणि गुरुवारी दुपारी मला घेऊन आली.

“हा त्याचा आरसा आहे. याने करून बघा.”

सेन्सेईंनी माझी चिकटपट्टी पाहिली. “थोडं कठीण आहे,” ते अदबीने म्हणाले. तिकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘थोडं कठीण आहे’ म्हणजे नाही, हे कळायला सुप्रभाला दोन वर्षं लागली होती. पण त्या दिवशी तिने मुद्दाम शब्दशः अर्थ घेतला.

“थोडंच ना? मग करू या.”

आहे की नाही माझी मालकीण खमकी? शेवटी मला पुसून घेतलं, नीलकंठला नीट बसवलं आणि सेन्सेईंनी मला त्याच्यासमोर धरलं. केवढा वाळला होता! मी उजवीकडे सरकलो. त्याची नजर किंचित सरकली. डावीकडे गेलो, ती तिथेच राहिली.

“एकदाच सरकली. योगायोग असू शकतो,” सेन्सेई म्हणाले.

सुप्रभाला रडू फुटलं. इतके दिवस ती त्याला बातम्या सांगायची, स्तोत्रं म्हणायची, पण प्रश्न एकही विचारला नव्हता. आता मला त्याच्यासमोर पाहून जुनी सवय तोंडातून निसटली.

“नीलकंठ, अजून चहा टाकू का रे?”

‘च्यक्.’

“हा आवाज ते अधूनमधून काढतात,” सेन्सेई समजावू लागले. “तोंडाची आपोआप होणारी हालचाल आहे. तशी नोंद केलेली आहे.”

आपोआप! मला तोंड असतं ना, तर ती नोंदवही मी फाडायलाच लावली असती. पण सुप्रभाच कडाडली, “आपोआप नाही हो! तो नाही म्हणतोय. आमच्याकडे असंच म्हणतात. त्याला मराठीत विचारा!”

सेन्सेईंनी सहा प्रश्न कागदावर लिहून दिले, तिनांचं उत्तर हो, तिनांचं नाही, उलटसुलट क्रमाने. सुप्रभाने ते मराठीत विचारले. तुझं नाव मोरेश्वर आहे का? ‘च्यक्’. तुझं नाव नीलकंठ आहे का? गप्प. आपण पुण्यात आहोत का? ‘च्यक्’. सहापैकी पाच बरोबर आले. सेन्सेईंनी शुक्रवारी सकाळी नवे प्रश्न देऊन पुन्हा विचारायला लावलं. सहाच्या सहा!

सेन्सेई सुप्रभापुढे कमरेत वाकले. “चूक माझी. मी चुकीच्या भाषेत ऐकत होतो.” मग त्यांनी आपल्या हाताने जुनी नोंद खोडली. बैठकीत त्याला त्या वॉर्डात हलवण्याचा विषयच निघाला नाही. जाग वाढवणारी गोळी सुरू झाली. रोज पट्ट्यांनी फळीला बांधून त्याला उभं करू लागले आणि मी समोर उभा, माझ्याच मालकाची नजर ओढत.

मित्रांनो, टवका उडाला म्हणून आरसा टाकू नका आणि उत्तर आलं नाही म्हणून माणूस टाकू नका. आधी त्याच्या भाषेत विचारा. पुन्हा विचारा.

काल फळीवर त्याचे पाय लटपटले, घामाने कपाळ भिजलं. सेन्सेईंनी सुप्रभाकडून शिकलेलं मराठी वाक्य जपून उच्चारलं.

“नीलकंठ-सान, आता थांबू या का?”

त्याने माझ्यात पाहिलं. सरळ, स्वतःच्या डोळ्यांत.

‘च्यक्.’